ससाण्याच्या विष्ठेत लाव्याचे जंत

पिंजऱ्यात जन्मलेले मर्लिन ससाण्याचे एक पिल्लू माझ्याकडे तपासणीला आले, तेव्हा ते पिसे फुलवून आणि डोळे अर्धवट मिटून बसले होते. विष्ठेतील पांढरा भाग ठीक होता. मात्र काळपट, घट्ट भागाऐवजी रक्ताच्या रेषा असलेली आव पडत होती. "कालपर्यंत नीट खात होतं, डॉक्टर. आज तुकडा चोचीत धरतं आणि टाकून देतं," असे सांभाळणाऱ्यांनी सांगितले. छाती चाचपली तर स्नायू अजून भरलेले होते, म्हणजे हे दुखणे हळूहळू झिजवणारे नव्हते.

संपृक्त मिठाच्या द्रावणावर तरंगून आलेला थर काचपट्टीवर घेतला, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. गोलसर ऊसिस्ट (आतड्यातील एकपेशीय परजीवींची कवचबंद अवस्था) पुष्कळ होते आणि त्यांच्यामध्ये दोन्ही टोकांना पारदर्शक बूच असलेली कॅपिलारिया या केसासारख्या बारीक जंताची मोजकी अंडी होती. अंडी दिसली की जंताचे औषध द्यावे, असे कोणालाही वाटेल. सांभाळणाऱ्यांनी तर विचारलेच, "फेनबेन्डाझोल घरात आहे, आजच देऊ का?" मी स्पष्ट नकार दिला. पिल्लाची पिसे अजून रक्ताने भरलेल्या नळ्यांतून बाहेर येत होती आणि वाढत्या पिसांना या औषधाने इजा होऊ शकते. ज्या पक्ष्याचे पुढचे आयुष्य पंखांवर अवलंबून आहे, त्याच्यावर हा धोका मला निव्वळ संशयापोटी पत्करायचा नव्हता. शिवाय पिल्लांना लावे आतड्यांसकट भरवले जात होते. भक्ष्याच्या पोटातील अंडी ससाण्याच्या आतड्यातून जशीच्या तशी बाहेर पडू शकतात. ती दिसली म्हणून ससाण्याला जंत झाले, असे म्हणता येत नाही.

हाच प्रश्न ऊसिस्टबद्दलही होता. आयमेरिया हा लाव्याचा आणि कॅरिओस्पोरा हा ससाण्याचा एकपेशीय परजीवी; ताज्या विष्ठेत त्यांचे ऊसिस्ट वेगळे ओळखणे कठीण असते. उडू लागण्याच्या वयातील मर्लिन कॅरिओस्पोराने झपाट्याने दगावू शकतो. त्यामुळे निदानाची वाट न पाहता टोल्ट्राझुरिल हे अशा एकपेशीय परजीवींवरचे औषध सुरू केले. हे औषध तीव्र अल्कधर्मी असल्याने पहिला डोस पिल्लाने ओकून टाकला. मग तो मांसाच्या तुकड्यात घालून पुन्हा दिला. ऊसिस्ट पक्व होऊन ओळखता यावेत यासाठी नमुन्याचा भाग अडीच टक्के पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात, हवा मिळावी म्हणून पातळ थरात पसरून ठेवला.

ऊसिस्ट पक्व झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले, त्याने मी खुर्चीतून उठून सहकाऱ्यांना बोलावले. बहुतेक ऊसिस्टमध्ये एकच स्पोरोसिस्ट (आतली छोटी पिशवी) होता आणि त्यात आठ स्पोरोझोइट (संसर्ग करणारे सूक्ष्म जीव) दाटीने बसले होते, हा कॅरिओस्पोरा. थोड्यांमध्ये चार स्पोरोसिस्ट होते, म्हणजे ते लाव्याकडून आलेले आयमेरिया. आजार आणि जेवणाचे अवशेष असे एकाच काचपट्टीवर शेजारी शेजारी पाहायला मिळणे दुर्मीळच.

वरून धडधाकट दिसणाऱ्या भावंडांनाही लगेच औषध दिले. नेहमीच्या जंतुनाशकांना ऊसिस्ट दाद देत नाहीत, म्हणून पिंजऱ्यातील खडी काढून टाकली आणि फळ्यांवर कडक वाफ मारली. लावे यापुढे पोट साफ करूनच द्यायचे ठरले. कॅपिलारियाची अंडी रोज पडतातच असे नसल्याने एका नमुन्यावर न थांबता निरनिराळ्या दिवसांची विष्ठा तपासली. एकाही नमुन्यात अंडी आढळली नाहीत आणि फेनबेन्डाझोलची पुडी न फोडताच परत गेली.