टक्के नकोत, दर हजारी सांगा

नवी लस, नवी तपासणी किंवा नवी गोळी आरोग्य कार्यक्रमात घ्यायची का, हे ठरवणाऱ्या बैठकीत बहुधा एकच आकडा फिरत असतो: ‘आजार ४० टक्क्यांनी कमी होतो.’ आकडा खरा असतो, पण त्यावर निर्णय घेता येत नाही. ४० टक्के कशाचे, हे आधी विचारायला हवं.

समजा वर्षाला हजारातली ५० मुलं आजारी पडतात. ४० टक्के घट म्हणजे २० मुलं वाचली. जिथे हजारात ५च आजारी पडतात, तिथे वाचली २. अभ्यास तोच, टक्केही तेच, पण एक मूल वाचवायला पहिल्या ठिकाणी ५० मुलांना औषध द्यावं लागतं आणि दुसऱ्या ठिकाणी ५००. औषधाचा त्रास मात्र दोन्हीकडे सारखाच होतो. हजारात ३ मुलांना तो गंभीर होत असेल, तर दुसऱ्या ठिकाणी वाचणाऱ्यांपेक्षा त्रास भोगणारी मुलं जास्त.

त्यातही हे २० प्रयोगातले आहेत. प्रयोगात प्रत्येक मुलाचा पाठपुरावा होतो, कार्यक्रमात तसा होत नाही. औषध ८० टक्के मुलांपर्यंत पोचलं आणि त्यातल्या ७५ टक्के मुलांनीच पूर्ण डोस घेतला, तर अर्धवट डोसाचा उपयोग नाही असं धरून २० चे १२ होतात. हा साधा गुणाकार प्रस्तावात क्वचितच केलेला दिसतो, आणि नंतर ‘कार्यक्रम फसला’ म्हणून औषधाच्या नावाने बोटं मोडली जातात.

पुरावा गोळा करण्याआधी प्रश्न चार भागांत लिहून काढावा: कोणाला, काय द्यायचं, कशाच्या तुलनेत आणि कोणता परिणाम मोजायचा. सगळ्यात जास्त चुकतो तो तिसरा भाग. नव्या उपायाची तुलना ‘काहीच न करणं’ याच्याशी केली की तो हमखास चांगला दिसतो. खरी तुलना आज जे चालू आहे त्याच्याशी हवी.

मग शोध. कोणते अभ्यास घेणार आणि कोणते वगळणार, याचे नियम आधीच लिहून ठेवायचे. दोघांनी एकमेकांना न विचारता अभ्यास निवडायचे, मतभेद झाला तर तिसऱ्याने सोडवायचा. चाचण्या सुरू होतानाच त्यांची नोंद जिथे होते, त्या नोंदवह्याही पाहायच्या, कारण ‘फरक पडला नाही’ असे निकाल बऱ्याचदा छापलेच जात नाहीत. काम कंटाळवाणं आहे, पण ते न करण्याची किंमत मोठी असते. तान्ह्या बाळांना पालथं झोपवा, असा सल्ला पुस्तकांतून १९८८ पर्यंत दिला जात होता. २००५ साली जुने अभ्यास एकत्र मांडल्यावर दिसलं की पालथं झोपवण्यातला अचानक मृत्यूचा धोका १९७० पर्यंतच्या अभ्यासांतूनच लक्षात येऊ शकला असता. तेव्हाच बेरीज झाली असती, तर एकट्या ब्रिटनमध्ये १० हजारांहून जास्त बाळांचे मृत्यू कदाचित टळले असते. पुरावा होता, पण तो एका जागी कोणी मांडलेला नव्हता.

पुराव्याची खात्री ठरवायला ग्रेड पद्धत वापरतात. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या वरच्या पायरीपासून सुरू होतात, निरीक्षणावर आधारलेले अभ्यास खालच्या. मग पाच कारणांनी पायरी उतरते: अभ्यासातला पक्षपात, निकालांतली विसंगती, अंदाजाचा मोठा पल्ला (खरा आकडा बराच कमी किंवा जास्त असू शकणं), न छापलेले निकाल आणि आपल्या प्रश्नाशी थेट संबंध नसणं. हे शेवटचं कारण सर्वात हलक्यात घेतलं जातं. तीव्र ताप आणि शॉकची, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडण्याची, लक्षणं असलेल्या मुलांना भराभर सलाइन चढवणं ही सुसज्ज अतिदक्षता विभागांतली रूढ पद्धत होती. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या, अतिदक्षतेची सोय नसलेल्या रुग्णालयांत ती ३,१४१ मुलांवर तपासली गेली. २०११ साली निकाल आला. भराभर सलाइन न दिलेल्या गटात ४८ तासांत हजारी ७३ मुलं दगावली, दिलेल्या गटात हजारी १०५. लोकांचा पुरावा उसना घेताना हे आकडे डोळ्यांसमोर असावेत.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. ‘फायद्याचा पुरावा कमकुवत आहे’ याचा अर्थ ‘फायदा नाही’ असा नव्हे. कमकुवत पुराव्यावरही निर्णय घ्यावा लागतो. अशा वेळी योजना एकदम सगळीकडे न नेता टप्प्याटप्प्याने न्यावी आणि कोणत्या भागाची पाळी आधी, हे चिठ्ठी टाकून ठरवावं. मागे राहिलेले भाग तोवर तुलनेला मिळतात.

हा पुरावा बैठकीपुढे मांडणारं टिपण लिहिताना पहिलं पान फक्त निर्णय घेणाऱ्यांसाठी ठेवावं, त्यावर दर हजारी फायदा, दर हजारी त्रास, खर्च आणि खात्रीची पायरी, एवढंच. पुढची तीन पानं सारांशाची, बाकी तपशील त्यामागे. पहिल्या पानाच्या तळाशी फेरविचाराची तारीख लिहावी, आणि कोणता आकडा किती बदलला तर त्या तारखेआधीच निर्णय पुन्हा उघडायचा, तेही.