पहिल्याच शब्दाला

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी उलटून आठवडा झाला असेल, फलटण तालुक्यातल्या आमच्या मळ्याच्या बांधावरून धनगरांचा एक वाडा कोकणाच्या दिशेने निघाला होता. पुढे मेंढ्या, मागे घोड्यांवर लादलेला संसार आणि कडेने चालणारी दोन मळकट कुत्री. माझी चौदा महिन्यांची जर्मन शेफर्ड कुत्री तारा तेव्हा अंगणात मोकळी होती. तिने कान टवकारले, आणि मी पहिली हाक मारेपर्यंत ती विहिरीच्या पलीकडे पोहोचली होती. मी सहा-सात वेळा "ये, तारा, ये" असे ओरडलो. शेवटी शेवटी तर त्या हाकेला आज्ञेचे नव्हे, गयावयाचे स्वरूप आले होते. कळप फुटला, मेंढ्या उसात शिरल्या. एकाही कोकराला इजा झाली नाही, याचे श्रेय धनगराच्या कुत्र्याचे, कारण त्याने ताराला आडवे घेऊन जागेवर थोपवले. म्हाताऱ्या धनगराने एक बारीक शीळ घातली आणि त्याची दोन्ही कुत्री मुकाट्याने आपापल्या बाजूला जाऊन उभी राहिली. मला मात्र माझ्या कुत्रीला गळ्याला धरून फरफटत घरी आणावे लागले.

ही तीच तारा होती जिला मी तीन महिने एका शहरातल्या प्रशिक्षकाकडे ठेवले होते आणि जिचे 'संपूर्ण आज्ञापालन' झाल्याचे चित्रफितीसह मला कळवण्यात आले होते. चित्रफीत खोटी नव्हती. तीत तारा बसत होती, आडवी होत होती, पायाला चिकटून चालत होती. पण सगळे त्याच भिंतीआडच्या अंगणात, त्याच माणसासमोर आणि त्याच्या कमरेला लटकलेल्या खाऊच्या पिशवीकडे बघत चालले होते, हे पैसे मोजताना माझ्या लक्षात आले नाही.

आमच्या गावात तात्या म्हणून पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक हस्तक, म्हणजे कुत्रे हाताळणारे पोलीस, आहेत. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी ताराकडे पाहिलेही नाही. त्यांनी मला विचारले, "मास्तर, तुमची कुत्री शब्दाला बसते, का तुम्ही वाकल्यावर बसते?" मग त्यांनी मला बाजेवर उताणे झोपायला लावले आणि आभाळाकडे बघत आज्ञा द्यायला सांगितली. तारा गोंधळून माझे तोंड चाटू लागली. पाठ फिरवून सांगितले, तरी तेच. हात खिशात घालून सांगितले तेव्हा ती माझ्या खिशाकडे बघत बसली. दहा वेळांत ती दोनदा बसली. तिच्या दृष्टीने आज्ञा म्हणजे माझा थोडा पुढे झुकलेला खांदा, उचललेला उजवा हात आणि समोर उभा असलेला मी, असे सगळे मिळून झालेले एक चित्र होते. त्या चित्रातला शब्द हा तिच्यासाठी सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग होता. कुत्रे एका जागी शिकलेली गोष्ट आपणहून दुसऱ्या जागी लावत नाही. ओट्यावर बसायला शिकलेल्या कुत्र्याला खळ्यावर, रस्त्यावर, पावसात आणि ट्रॅक्टरच्या आवाजात तेच पुन्हा जवळजवळ नव्याने शिकवावे लागते.

शब्दाचे आणखी एक दुखणे तात्यांनी दाखवून दिले. मी मराठीच्या अभिमानाने सगळ्या आज्ञा मराठीत दिल्या होत्या. आता आमच्या घरात दिवसातून किती वेळा 'बस' हा शब्द उच्चारला जातो ते मोजून पाहा. भाजी वाढताना 'बस, बस', सकाळी 'बस चुकली', पाहुणा आला की 'बसा', नातवंडाला 'गप बस'. 'ये'ची गत त्याहून वाईट. यांपैकी एकाही वेळी ताराकडून कसलीच अपेक्षा नव्हती, त्यामुळे तिने हे दोन्ही शब्द पंख्याच्या आवाजासारखे ऐकून सोडून द्यायला शिकून घेतले होते. पथकात 'सिट', 'डाऊन', 'कम' म्हणतात, तेच आम्ही घेतले. 'सोड' तेवढा मराठीत ठेवला, कारण तो घरात क्वचितच ऐकू येतो.

त्यानंतर तात्यांनी मला एक वही करायला सांगितली. आज्ञा एकदाच द्यायची आणि पहिल्याच शब्दाला काम झाले की नाही, एवढेच तीत लिहायचे. दुसऱ्यांदा सांगितल्यावर केले तर ती नोंद 'नाही' या रकान्यात जाते. हे ऐकायला किरकोळ वाटते, पण पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की मी एकही आज्ञा एकदा देऊन थांबू शकत नाही. जीभ आपोआप पुन्हा वळते. तीनदा सांगितल्यावर बसणारी कुत्री हट्टी नसते. तीनदा सांगितल्यावरच बसायचे असते, हे मालकाने तिला इमानदारीने शिकवलेले असते. म्हणून जी आज्ञा पाळून घेणे आपल्या हातात नाही, ती द्यायचीच नाही. तारा दहा मीटरच्या सुती दोरीवर आली आणि जवळजवळ आठ महिने त्या दोरीवरच राहिली. बोलावल्यावर आली की रागावायचे नाही, मग तिने आधी काहीही उच्छाद मांडलेला असो.

काम वाढवण्याची रीत सोपी आहे आणि पाळायला अतिशय कंटाळवाणी आहे. अंतर, वेळ आणि आजूबाजूचा गोंधळ या तिन्हींपैकी एका वेळी एकच वाढवायचे आणि ते वाढवताना उरलेली दोन कमी करायची. शांत अंगणात वीस पावलांवर पाच मिनिटे पडून राहणाऱ्या कुत्रीला कोंबड्यांसमोर नेले, की पुन्हा दोन पावले आणि दहा सेकंद. दहापैकी आठ वेळा जमले की पुढे जायचे, पाचच वेळा जमले की मागे यायचे. खाऊ आधी दर वेळी, मग मधून मधून, कधी तिसऱ्या खेपेला, कधी सातव्या. न मिळण्याची सवय झालेली कुत्रीच खाऊ नसतानाही काम करते. उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळी साडेसातनंतर कसलाच सराव करू नये, कारण धापा टाकणारे कुत्रे शिकत नाही.

राखणीच्या कुत्र्याला शिकवायची सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे धरलेले सोडणे. चावण्याचा सराव आम्ही पक्के दात येऊन, अंग भरून, आणि मुख्य म्हणजे बोलावल्यावर येणे वहीत स्थिरावल्यावर सुरू केला. तात्यांचा पुतण्या हातावर तागाच्या जाड कापडाची बाही चढवून पळायचा आणि तारा ती धरायची. दाढांपर्यंत जबडा भरून, शांतपणे धरलेली पकड ही धीट कुत्र्याची, आणि पुढच्या दातांनी ओरबाडत सारखी जागा बदलणारी पकड भेदरलेल्याची, हे तात्यांनी मला प्रथम पाहायला शिकवले. सोडवायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यांसारखेच केले: गळपट्टा धरून मागे ओढले. तारा दुप्पट जोराने रुतली. मागे ओढले की कुत्रे उलट दिशेला जोर लावते, आणि ओढाताणीत हलणारी बाही तर तिला जिवंत सावजासारखीच वाटते. थोडक्यात, तिला न सोडण्याचे उत्तम शिक्षण मी देत होतो.

तात्यांनी पुतण्याला बाही पोटाशी घट्ट धरून खांबासारखे उभे राहायला सांगितले आणि मला दोरी ताणूही नका, ढिलीही सोडू नका, असे बजावले. खेळ मेला. कोणी हलेना, कोणी बोलेना. मी मनात आकडे मोजत होतो. साठाच्या पुढे तिच्या जबड्याच्या कडेला जिभेचा गुलाबी काठ दिसला, डोळे बाहीवरून माझ्याकडे वळले, आणि सत्तरला तोंड उघडले. त्याच क्षणी पुतण्याने बाही झटकली आणि तिला पुन्हा धरू दिली. सोडल्याचे बक्षीस म्हणजे पुन्हा धरायला मिळणे, हा हिशेब तिला चार-पाच दिवसांत कळला. सत्तराचे तीस झाले, तिसाचे पाच. तोंड कधी उघडणार हे आम्हाला आधी ओळखू यायला लागल्यावरच 'सोड' हा शब्द त्याच्या किंचित आधी जोडला. पुढे ती शब्दाआधीच सोडू लागली, आणि तीही चूकच. मग काही वेळा शब्द न देताच तिला बाही जिंकून घेऊन जाऊ दिली आणि ते प्रकरण महिनाभराने मार्गी लागले.

ज्या जर्मनीत मॅक्स फॉन स्टेफानित्झ यांनी 1899 मध्ये या जातीसाठी संघ स्थापन केला, तिथल्या शुत्झहुंड, म्हणजे राखणीच्या कुत्र्यांच्या, परीक्षेची रचना पाहिली की हे सगळे तिथे नियमातच बांधलेले दिसते. आता 2019 पासून तिला आयजीपी म्हणतात. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण यांना प्रत्येकी 100 गुण असतात. पट्ट्याविना चालताना बंदुकीचे बार काढले जातात, आणि दुसरे कुत्रे काम करत असताना आपल्याला दूर पडून राहावे लागते. सोडण्याच्या एका आज्ञेनंतर फार तर आणखी दोन देता येतात; तिसरीनंतरही न सोडणारे कुत्रे, मग त्याची पकड कितीही देखणी असो, बाद होते. वास घेणाऱ्या कुत्र्यांचीही हीच कथा. 1993 च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ज्या झंजीर नावाच्या कुत्र्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिले, तसल्या कामातल्या कुत्र्याला स्फोटक सापडले की न उकरता, न भुंकता शांत राहून खूण द्यावी लागते. नाक कितीही तल्लख असले, तरी आनंदाच्या भरात पंजा मारणारे कुत्रे तिथे उपयोगाचे नाही.

आपल्याकडे मात्र 'कडक कुत्रा' करायचा म्हणजे त्याला दिवसभर साखळीने बांधायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने काठी दाखवून चिडवायचे आणि कोणी म्हणे त्याला मिरचीही चारायची. या मूर्खपणातून तयार होते ते भेदरलेले जनावर. ते चोराला चावेलच असे नाही, पण दूधवाल्याच्या पोराला नक्की चावते. जनावर आवरण्यात हयगय केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, ही गोष्ट अशा हौशी मंडळींच्या कानावर गेलेली नसते.

यंदा ज्येष्ठात तोच वाडा कोकणातून परतला आणि खतासाठी आम्ही दोन रात्री मेंढ्या आमच्याच रानात बसवून घेतल्या. त्या दोन दिवसांत मी ताराला दहा वेळा बांधावर आडवे केले. पहिल्या खेपेला तिच्या बरगड्यांवरची कातडी थरथरत होती आणि तिसऱ्या मिनिटाला तिचे कोपर जमिनीवरून उचलले गेले, ती उठलीच. म्हातारा धनगर बाजूला तंबाखू मळत हे पाहत होता. शेवटच्या खेपेला ती कळप पुढे सरकेपर्यंत पडून राहिली, तेव्हा तो म्हणाला, "सोडा की आता तिला, काय करत न्हाय." मी दोरीची गाठ विहिरीच्या खांबावरून सोडली नाही. वहीत त्या पानावर नोंद आहे: डाऊन, मेंढ्या, चाळीस पावले, दहापैकी सात.