लक्ष तिथंच असतं

१५ जानेवारी, रात्री

यंदाही लाडू वळले नाहीत, वड्या थापल्या. चिक्कीच्या गुळाच्या पाकात तीळ आणि दाण्याचं कूट पडलं की हातात फार थोडा वेळ उरतो. मिश्रण निवलं की लाडू वळत नाही. त्या घाईत तळहाताला पाणी लावायचं, चटका सोसत गोळा उचलायचा, दोन्ही तळव्यांचा दाब सारखा ठेवायचा, हात गोल फिरवायचे आणि एक डोळा कढईवर ठेवायचा. बाकीच्या बायका हे गप्पा मारता मारता करतात. मला डिस्प्रॅक्सिया आहे, म्हणजे हालचालींचा मेळ बसत नाही. माझ्याकडून यातली एकेक गोष्ट सुटी सुटी होते, आणि एकीकडे पाहिलं की दुसरी राहते. वड्यांचं तसं नाही. ताटाला तुपाचा हात फिरवला, मिश्रण ओतलं, वाटीच्या बुडानं दाबत नेलं, सुरीनं रेघा मारल्या. एका वेळी एकच काम. चव तीच. संक्रांतीला लाडूच हवा असं आई पूर्वी म्हणायची, आता तीच वड्या डब्यात भरून शेजारी देऊन येते.

दुपारी ताईचा फोन आला. भाची तिसरीत आहे. तिच्या वहीत शेरा आलाय, ‘वर्गात लक्ष नसते. अक्षर सुधारावे.’ शिवाय २६ जानेवारीच्या लेझीममधून तिला काढलं, कारण तिच्यामुळं रांग बिघडते. ताई रडत नव्हती, पण आवाज बसलेला होता. मला पटकन काही सुचलं नाही. शेवटी म्हटलं, शनिवारी तिला माझ्याकडं पाठव.

१६ जानेवारी

झोप लागली नाही. लेझीम डोक्यातून जात नव्हती.

ढोलाच्या ठेक्यावर एकाच वेळी लेझीम उघडायची, मिटायची, पाय पुढं टाकायचा, वाकायचं, वळायचं आणि शेजारणीशी अंतरही राखायचं. मी शाळेत असताना हातांकडं पाहिलं की पाय चुकायचे, पायांकडं पाहिलं की हात थांबायचे. पीटीचे सर ओरडायचे, “ए पोट्टी, काऊन उलटी वळून राहिली? लक्ष कुठं आहे तुझं?” मग मला रांगेतून काढून शाळेच्या नावाची पाटी धरून पुढं उभं केलं. घरी सगळ्यांना वाटलं, मान मिळाला. मी कुणाला काही सांगितलं नाही.

लक्ष कुठं आहे, हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला. दूध सांडलं, ग्लास फुटला, दाराच्या कडीत ओढणी अडकली, चपलेचा अंगठा पायरीला लागला, की हाच प्रश्न. त्याचं उत्तर मला आज पक्कं माहीत आहे. माझं सगळं लक्ष तिथंच होतं. ज्याला पाढे पाठ आहेत तो सात नवे त्रेसष्ट म्हणून मोकळा होतो. मी दर वेळी सात नऊ वेळा मिळवून तिथं पोचते. उत्तर येतं, पण वेळ लागतो, आणि मध्ये कुणी बोललं की बेरीज मोडते.

डिस्प्रॅक्सिया म्हणतात तो हाच. डॉक्टरी भाषेतलं नाव डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, म्हणजे डीसीडी. स्नायू धड असतात, बुद्धी धड असते. हात हलवण्याआधी मेंदू त्या हालचालीचा अंदाज बांधतो, हालचाल होत असताना तो अंदाज पडताळतो आणि चूक दिसली की क्षणात सुधारतो. छोट्या मेंदूचा यात मोठा वाटा असतो. आमच्यात हे अंदाज बांधणं आणि सुधारणं कच्चं राहतं, म्हणून सरावानं हालचाल जशी आपोआप व्हायला लागते तशी ती होत नाही, किंवा फार उशिरा होते. शाळकरी मुलांत साधारण ५ ते ६ टक्क्यांना हे असतं, म्हणजे चाळिसाच्या वर्गात दोघांना. मोठेपणी ते सुटतं असंही नाही, निम्म्याहून अधिक जणांत राहतं. मला हे पस्तिशी उलटल्यावर कळलं, एका ऑक्युपेशनल थेरपिस्टमुळं, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या बाईंमुळं. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही रोज संध्याकाळी फार थकत असाल.” तोवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर रडले.

थकवा खराच असतो. सकाळी मी चहा न सांडता गाळते. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तेच पातेलं, तीच गाळणी, आणि ओट्यावर चहा. दिवसभर जिने उतरताना, गर्दीत वाट काढताना, फायलीला टाचणी लावताना जे लक्ष खर्च झालं, त्यातलं काही उरलेलं नसतं. अशा वेळी ‘नीट लक्ष दे’ म्हणणं मला फार लागतं.

१७ जानेवारी, दुपारी

भाची येऊन गेली. बुटांच्या लेस बांधायच्या होत्या. तिचे वेल्क्रोचे बूट लहान झाले आणि शाळेला लेसवालेच काळे बूट चालतात.

मी तिला शिकवायला बसले नाही. तिला विचारलं, “तुला काय जमवायचंय?” ती म्हणाली, “मला गाठ मारता यायला पाहिजे, आणि ती मधल्या सुट्टीपर्यंत टिकली पाहिजे.” ध्येय तिचंच. मग कसं करायचं ते तिनं ठरवायचं, करून बघायचं, आणि कुठं अडलं ते तिनंच शोधायचं. ही पद्धत कॅनडात तयार झाली, मोठ्या माणसानं पायऱ्या तयार करून हातात द्यायच्या नाहीत, मुलालाच त्या शोधू द्यायच्या. डीसीडीत खुद्द त्या त्या कामाचाच सराव उपयोगी पडतो. लेस बांधायची तर लेसच बांधायची, नुसते बोटांचे व्यायाम करत बसून लेस येत नाही.

बूट पायात न घालता मांडीवर घेतला. एक लेस केशरी आणि एक पांढरी घातली, म्हणजे कुठली कुठून जाते ते दिसतं. पहिली गाठ आली. पुढं फुलाचा एक कान करून तो चिमटीत धरायचा आणि दुसरी लेस त्याच्याभोवती फिरवायची, तिथं पहिला कान सुटायचा. दर वेळी तिथंच. ती थांबली, बोटांकडं पाहत राहिली आणि म्हणाली, “मावशी, हे बोट धरायचं विसरतंय, कारण मी त्या बोटाकडं पाहून राहिले.” मी तिचं डोकं छातीशी धरलं. आठ वर्षांच्या पोरीनं जे सांगितलं ते मला पस्तिशीत कळलं होतं.

मग तिनंच शोधलं. दोन वेगळे कान करायचे आणि त्यांचीच साधी गाठ मारायची. त्यात काही फिरवावं लागत नाही, दोन्ही हात एकच काम करतात. सैल झाली, पण झाली. जाताना दोन रंगांच्या लेस घालूनच गेली.

तिनं दारात विचारलं, “मी मुद्दाम नाही करत, हे मॅडमना तू सांगशील?”

१८ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू उरकलं. कॉलनीतल्या बऱ्याच जणी आल्या. यंदा कापडी पिशव्या लुटल्या. काचेचं, चिनीमातीचं वाण मी आणतच नाही.

कुंकू लावणं ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे. समोरच्या बाईचं कपाळ, तिची मान किंचित हललेली, माझ्या अनामिकेवर कोरडं कुंकू, आणि ते दोन भुवयांच्या मध्ये टेकवायचं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला एका वयस्क काकूंच्या नाकावर आणि पातळावर सांडलं होतं, आणि खोलीभर जी शांतता पसरली ती मी विसरलेले नाही. आता डाव्या हातानं उजवं मनगट धरते, करंगळी हलकेच त्यांच्या कपाळाला टेकवते, मग अनामिका पुढं नेते. करंगळी टेकली की कपाळ किती दूर आहे ते हाताला कळतं. दोन्ही हातांनी लावते म्हणून बायकांना ते अदबीचं वाटतं, आणि माझ्या मनात अदब असतेच.

सासूबाई अत्तर आणि गुलाबदाणी सांभाळतात. आम्ही हे वाटून घेतलंय, त्यावर कधी बोलावं लागत नाही. साडीला खांद्यावर पिनही त्याच लावून देतात. पाठीमागं हात नेऊन न बघता पिन लावायची म्हणजे बोटं कुठं आहेत हे नजरेशिवाय कळायला हवं, आणि ती जाण माझ्यात कमी आहे. अंधारात, लाइट गेली की, ओळखीच्या घरातही मी भिंतीला हात लावून चालते ते त्याचमुळं.

२० जानेवारी

बँकेनं धनादेश परत केला, सही जुळत नाही म्हणून. पुन्हा एकदा. काउंटरवरच्या मुलानं नमुन्याची सही माझ्याकडं वळवली आणि म्हणाला, “मॅडम, अशीच करा.” लोक मागं उभे, पेन दोरीला बांधलेलं, कागद सरकतोय. अशीच करणं हेच मला जमत नाही. माझी सही दर वेळी थोडी वेगळी येते, कारण हात ती दर वेळी नव्यानं लिहितो. त्याला मी हे शांतपणे सांगितलं. त्यानं ओळखपत्र पाहून सह्यांचे नवे नमुने घेतले, घाई केली नाही. तेवढ्यानंही बरं वाटलं.

परतताना बर्डीच्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या, मेट्रो स्टेशनात सरकत्या जिन्याशी नेहमीसारखी थांबले. लोकमान्यनगरहून बर्डीपर्यंतची मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन २०२० च्या जानेवारीत सुरू झाली आणि माझं जगणं बदललं, हे मी मनापासून म्हणते. नागपुरात पोरगी कॉलेजात गेली की तोंडाला स्कार्फ बांधून गाडीवर निघते. मला गाडी आली नाही. एकाच वेळी ब्रेक, आरसा, इंडिकेटर आणि समोरून येणारा ऑटो, हे माझ्याच्यानं होत नाही, आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालायचा नाही हे मी तेव्हाच ठरवलं. त्यामुळं कितीतरी वर्षं कुणाच्या तरी मागं बसून किंवा बसची वाट बघत गेली. आता मी एकटी येते-जाते. सरकत्या जिन्यावर पाय नेमका कधी टाकायचा ते ठरेपर्यंत मागच्यांना पुढं जाऊ देते. गर्दी असली की लिफ्ट. तिथं पाटी ‘दिव्यांग व ज्येष्ठ’ अशी असते, आणि मी धडधाकट दिसते, म्हणून काही नजरा लागतात. लागू देत.

२२ जानेवारी, रात्री

उद्या ताईबरोबर शाळेत जायचंय. बोलायचं ते कागदावर काढून ठेवते, कारण समोर माणूस बसला की माझं सगळं लक्ष खुर्चीत नीट बसण्याकडं जातं.

आधी मॅडमचे आभार मानायचे. शेरा कडक असला तरी त्यांनी पाहिलं म्हणून लिहिलं, न पाहणारे पुष्कळ असतात.

मग सांगायचं की तिची रीतसर तपासणी करून घेतोय. पाचव्या वर्षाआधी हे निदान सहसा करत नाहीत, आठवं वर्ष योग्य आहे. आधी बालरोगतज्ज्ञ, डोळ्यांचं, स्नायूंचं, मज्जासंस्थेचं दुसरं काही नाही ना ते बघतील. मग ऑक्युपेशनल थेरपिस्ट. छिद्रांत खुंट्या बसवणं, दोरा ओवणं, चेंडू झेलणं, एका पायावर उभं राहणं, टाचेला पंजा लावत रेषेवर चालणं, असं सगळं करवून घेतात. आपल्या नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात ऑक्युपेशनल थेरपी शिकवतात, तेव्हा त्यासाठी मुंबई-पुण्याला धावायची गरज नाही. ताईला एक मुद्दाम सांगितलंय. पूर्वी येणारी गोष्ट येईनाशी झाली तर तो डिस्प्रॅक्सिया नव्हे, मग थांबायचं नाही, तडक डॉक्टर गाठायचा.

कायद्याचाही कागद घेतलाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. भांडायला नेत नाही. पण कुणी ‘असं काही नसतं’ म्हणालंच तर पर्समध्ये असू दे. मला शाळेत असताना आईच्या पर्समध्ये असा कागद असता तर, हा विचार आज सारखा येतोय.

आणि मागण्या. फळ्यावरचं सगळं उतरवून घेण्याऐवजी तिला छापील कागद मिळावा. पेपरला थोडा जास्त वेळ. अक्षराचे गुण आणि उत्तराचे गुण वेगळे ठेवावेत, तिला उत्तरं येतात. पायाच्या तळव्यांना जमीन लागेल असं बाक द्यावं, कारण पाय लोंबकळत असले की अर्धं बळ तोल धरण्यात जातं आणि हाताला काही उरत नाही. तिसरीतल्या निम्म्या पोरांना आताचं बाक उंच असेल, म्हणजे तिच्यामुळं इतरांचंही भलं होईल.

लेझीमचं शेवटी काढायचं. तिला पुन्हा रांगेत घ्या, पहिल्या नाही, दुसऱ्या रांगेत, ठेका पक्का असलेल्या मुलीच्या बरोबर मागं, म्हणजे बघून करता येईल. एखादी हालचाल जड गेली तर त्या ठेक्याला तिनं नुसता पाय टाकावा. आजपासून मी रोज संध्याकाळी फोनवर तिच्यासाठी ठेका धरणार आहे, ताईनं खोलीतली कॉट सरकवून जागा केलीय. पाटी धरायला मात्र तिला उभं करू नका, हे मी स्वतः सांगणार आहे, ताईला बोलू न देता.