एवढं वाचवून करता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही एकटेच नाही आहात. मेव्हणी विचारते, ऑफिसात डबा उघडला की शेजारचे विचारतात, कोजागिरीला गच्चीवर मसाला दुधाचा ग्लास हातात देता देता सोसायटीच्या खजिनदारांनीही विचारून घेतलं. "दोघं कमावता, एकच मुलगा. रोज वरणभात नाहीतर पिठलं, हॉटेल नाही, सिनेमा नाही. एवढं वाचवून करता काय?" मी आजवर "काही नाही हो, सवय" म्हणून हसत आलो. सवय कसली? लग्नानंतर बरीच वर्षं ठाण्यात राम मारुती रोडवर नवं हॉटेल निघालं की पहिल्या आठवड्यात आम्ही तिथे हजर असायचो.

आधी पिठल्याचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नात पिठलं शिक्षेसारखं येतं. कुळथाचं पीठ पाण्यात कालवायचं, तेलात लसूण, हिरवी मिरची, हिंग चुरचुरला की त्यावर ओतायचं, दोन आमसुलं टाकायची आणि उकळी येईपर्यंत पळी थांबवायची नाही. थांबलात की तळाला गुठळी. गॅसवर जेमतेम दहा मिनिटं. बाजूला तव्यावर सुका जवळा भाजलेला असेल, तर त्या रात्री माझ्या घरी जेवायला या आणि मग शिक्षेचं बोला.

स्वयंपाक मी करतो, हेही कित्येकांना माहीत नसतं. कुकरमध्ये तळाला अर्धा तास भिजवलेली तूरडाळ, मधल्या डब्यात तांदूळ, वर बटाटे नाहीतर बीट. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक. आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास पोचलेलं असतं. आच मोठी ठेवून ते आणखी तापत नाही, गॅस मात्र वाफेबरोबर शिट्टीतून उडून जातो. हे बायकोला एकदा सविस्तर समजावून सांगितलं, तर "मग तुझ्या शिट्ट्या तूच मोज" म्हणून तिने कुकर कायमचा माझ्या गळ्यात घातला.

आता पैसे. घर घेतलं तेव्हा व्याजदर सात टक्क्यांच्या आसपास होता. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला, आणि त्यामागोमाग गृहकर्जाचे दर. आमचे आकडे कशाला, गोल आकडा घ्या. 40 लाखांचं कर्ज, 7 टक्के, 20 वर्षं, हप्ता साधारण 31,000. त्याच 40 लाखांना साडेनऊ टक्के लावा, महिन्याचं नुसतं व्याजच 31,600 च्या वर जातं. म्हणजे हप्ता भरायचा आणि मुद्दल जागचं हलायचं नाही. आमचं अगदी तिथवर गेलं नाही, पण हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवल्याचं पत्र आलं आणि त्यात शेवटच्या हप्त्याची तारीख माझ्या निवृत्तीच्या पलीकडे गेलेली होती. ते पत्र मी बायकोला दोन दिवस दाखवलं नाही. फ्लोटिंग, म्हणजे असा वरखाली होणाऱ्या दराच्या गृहकर्जात आधी पैसे भरले तर दंड लागत नाही. भरलेला प्रत्येक जास्तीचा रुपया थेट मुद्दलातून जातो, आणि सुरुवातीच्या वर्षांत भराल तेवढं व्याज जास्त वाचतं. तर खजिनदारसाहेब, करतो हे. सोनं नाही, गावाला जमीन नाही. ती तारीख मागे ओढतो.

एवढं सांगून थांबलो तर मी शहाणा ठरेन. पण तुमच्यातल्या काहींना कावीळ माहीत आहे, आणि ती पूर्ण कोणाला माहीत नाही.

मुलगा नववीत होता. एका संध्याकाळी लिफ्टमध्ये त्याच्या वर्गातल्या मुलाची आई भेटली. "आता कसं आहे हो त्याचं?" मी म्हटलं, कोणाचं? "कावीळ म्हणजे वर्षभर जपावं लागतं. तेलकट अजिबात नको. माझ्या माहेरी एक वैद्य झाडपाल्याचं औषध देतात, आणवू का?" मला काही कळेना. पण त्या बाईंच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती आणि लिफ्ट चौथ्या मजल्यावर आली होती. मी म्हणालो, "आता बराच बरा आहे. औषध नको, डॉक्टरांचं चालू आहे." का म्हणालो, अजून सांगता येत नाही. घरात शिरेपर्यंत त्या खोटेपणात माझाही वाटा झालेला होता.

मुलगा अभ्यासाला बसला होता. मी विचारलं, तुला कावीळ कधी झाली? तो वर न बघता म्हणाला, "दिवाळीनंतर." मग हळूहळू बाहेर आलं. वर्गातली पोरं महिन्यातून एखाद्या शनिवारी मॉलमध्ये जायची. सिनेमा, मग बर्गर. पहिल्या वेळी त्याने क्लास आहे सांगितलं, दुसऱ्या वेळी मामा आलाय. तिसऱ्या वेळी कारण संपलं तेव्हा डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद केलंय म्हणून मोकळा झाला. कोणीतरी विचारलं, कावीळ का? तो हो म्हणाला.

"खरं का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? बाबांचं कर्ज आहे?" मग थोड्या वेळाने, "आजारी माणसाला कोणी चिडवत नाही."

ऐकून मी गप्प झालो. पण खरं लागलं ते पुढचं, आणि ते त्याने अगदी सहज सांगितलं. मटकीची उसळ आणि पोळी हा त्याचा डबा वर्गात आवडता होता, पोरं पहिल्या सुट्टीतच संपवायची. कावीळ झाल्यापासून त्याच्या डब्याला कोणी हात लावत नव्हतं. कोणाच्या तरी आईने सांगितलं होतं, लागते. म्हणजे मी सकाळी उठून, मटकीला मोड आलेत का बघून, कांदा परतून, गोडा मसाला घालून जी उसळ भरून देत होतो, ती तो सगळ्या पोरांच्या मधे बसून एकटा खात होता. चांगले चारपाच महिने. घरी येऊन डबा रिकामा दाखवायचा आणि मी खूश व्हायचो.

बायको त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "तू मुदतीची तारीख बघतोयस, मी त्याची बघतेय." मला राग आला. अजूनही थोडा आहे. हप्ता काय एकट्या माझ्या नावावर आहे? पण उत्तर सुचलं नाही हेही खरं.

मुलाला दर महिन्याला ठरावीक पैसे द्यायला लागलो. हिशेब मागणार नाही, सिनेमा बघ, बर्गर खा, उडव. आणि झालं भलतंच. तो उडवतच नाही. दोस्तांबरोबर एकदा जाऊन आला आणि पॉपकॉर्नच्या पैशात किती तांदूळ आला असता ते मला सांगत बसला. चित्रपटगृहवाल्यांना बाहेरचे पदार्थ अडवायचा अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये म्हटलंय, पण पिण्याचं पाणी मात्र त्यांना फुकट द्यावंच लागतं, हे शोधून काढून पोराने पाण्याची बाटली विकत घ्यायलाही नकार दिला. पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांच्या खोक्यावरची किंमत आधी वाचतो. मेव्हणी म्हणाली, "बापावर गेलाय." तिने ते टोमण्यासारखं म्हटलं, मला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच भीती वाटली. मी घाबरून वाचवतो, निदान त्याआधी हॉटेलं हिंडलेला आहे. याने हिंडायच्या आधीच हिशेब शिकून घेतला.

करमणुकीचंही तुम्ही विचारता. ठाण्यात राहून हा प्रश्न पडू नये. 1893 साली सुरू झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय इथे आहे. आमच्या तिघांच्या वाचनाचा खर्च एका मोठ्या पॉपकॉर्नलाही पोचत नसेल. जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला, गुढीपाडव्याची शोभायात्रा, दिवाळी पहाट, सगळं मोफत. गडकरी रंगायतनच्या बाल्कनीतूनही नाटक तेच दिसतं. नटांच्या भुवया दिसत नाहीत, मान्य. टेंभी नाक्याची दहीहंडीही फुकट, कानांचा खर्च वेगळा. तलावपाळीला फेरी मारायला पैसे पडत नाहीत असं मी पूर्वी छाती फुगवून सांगायचो, पण तिथे भेळ, कुल्फी, बोट असतं आणि नाही म्हणत फिरणं ही करमणूक नव्हे, असं बायकोचं मत आहे. येऊरला पावसाळ्यात सकाळी डबा घेऊन जातो. ते मात्र तिघांनाही मनापासून आवडतं.

आणि स्वस्ताचीही एक गंमत आहे. कडव्या वालांचं बिरडं मी अभिमानाने काटकसरीत धरायचो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे, नखं दुखतात. बायको म्हणाली, तुझ्या वेळाचे पैसे धर, मग ते बाहेरच्या थाळीपेक्षा महाग पडेल. मी म्हटलं, मग तो वेळ मी काय टीव्ही बघण्यात घालवला असता. ती म्हणाली, हो, आमच्याबरोबर. ज्वारीचंही तसंच. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि आमच्याकडची भाकरी मॉलच्या शेल्फावर चकचकीत पाकिटात जाऊन बसली. आता भाकरी खातो ते आवडते म्हणून. बचतीच्या वहीत तिला जागा नाही.

हॉटेलं हिंडणारा तो जुना मी आज समोर बसला तर मला चिंगूस म्हणेल आणि म्हणेल, पोरगा नववीत एकदाच असतो. मी त्याला ते पत्र दाखवेन. तो वाचेल, घाबरेल, आणि तरीही त्या शनिवारी पोराला घेऊन मॉलमध्ये जाईल. मला वाटतं तो बेजबाबदार आहे. बायकोला वाटतं तोच बरा होता.

सध्या तारीख निवृत्तीच्या अलीकडे आलेली आहे, थोडीशीच. बायको म्हणते आता सैल सोड. मी म्हणतो दर पुन्हा चढले तर? या रविवारी बाहेर जेवायला जायचं ठरलंय. मुलगा म्हणतो, घरीच पिठलं करू, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही.