जीआर८६ की सुप्रा: टेस्ट ड्राइव्हच्या टप्प्याची नोंद

खरेदीची यादी दोन गाड्यांवर आली आहे: टोयोटा जीआर८६ आणि जीआर सुप्रा ३.०. दोन्ही सहा गिअरच्या मॅन्युअल, दोन्ही अमेरिकेतली मॉडेलं, त्यामुळे खालचे आकडेही तिथलेच. कागदावरची तुलना संपली, आता चालवायचा टप्पा सुरू आहे. त्यातली मुख्य नोंद आधीच: नेहमीच्या दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीत सुप्रा जिंकतेच, आणि त्या जिंकण्यावरून निर्णय घेऊ नये.

कारण आकड्यांत आहे. ८६ मध्ये २३८७ सीसीचं चार सिलिंडरचं बॉक्सर (आडवे, समोरासमोर सिलिंडर असलेलं) इंजिन, टर्बो नाही. २२८ एचपी मिळतात ७००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि २५० एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३७०० ला. वजन १२७५ किलोच्या आसपास. सुप्रात बीएमडब्ल्यूचं बी५८: सरळ ओळीतले सहा सिलिंडर, २९९८ सीसी, टर्बो, ३८२ एचपी. टॉर्क ४९९ एनएम, तोही १८०० पासून ५००० आरपीएमपर्यंत सपाट. मॅन्युअलचं वजन साधारण १५४० किलो. टनामागे अश्वशक्ती काढली तर १७९ विरुद्ध २४८, म्हणजे सुप्रा ३९ टक्के पुढे. टनामागे टॉर्क काढला तर १९६ विरुद्ध ३२४, म्हणजे थेट ६५ टक्के पुढे. शोरूमच्या आसपासच्या रस्त्यांवर इंजिन दोन-तीन हजार आरपीएममध्येच फिरतं, त्यामुळे तिथे हा दुसरा फरक जाणवतो. सुप्रात पेडल दाबलं की पाठ सीटला टेकते. ८६ मध्ये आधी एक-दोन गिअर खाली यावं लागतं आणि मग आरपीएमचा काटा वर जायची वाट पाहावी लागते. ज्याने ते केलं नाही, त्याने ८६ चालवलीच नाही असं समजा.

म्हणून क्रम ठरवला: आधी ८६, मग सुप्रा. उलटा क्रम लावला तर ८६ मध्ये काहीतरी बिघाड आहे असं वाटण्याइतका फरक पडतो. सेल्समन तयार असेल तर शेवटी पुन्हा पाच मिनिटं ८६. ती पाच मिनिटं सगळ्यात जास्त सांगून जातात, कारण तोवर वेगाची नवलाई ओसरलेली असते.

चाव्या घेण्याआधी ओडोमीटर बघा. टोयोटाच्या पुस्तिकेत पहिल्या १००० मैलांसाठी गाडी सांभाळून चालवायला सांगितलं आहे: एकदम जोराचा वेग नको, फार वरचा वेग नको, एकाच वेगाने लांब अंतर नको. ओडोमीटरवर वीस मैल असलेल्या नव्या गाडीत लाल रेषेपर्यंत (आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंत) जाणं म्हणजे दुसऱ्याच्या इंजिनाची वाट लावणं, आणि न जाणं म्हणजे ८६ चा अर्धा भाग न बघताच परत येणं. यावर उपाय सोपा आहे. काही हजार मैल चाललेली, पण इंजिनात बाहेरचे बदल न केलेली जुनी गाडी शोधा आणि चाचणी तिच्यावर करा. विकत नवीच घेतली तरी चालेल.

टायर हा दुसरा सापळा. ८६ च्या बेस मॉडेलवर १७ इंची रिमला मिशेलिन प्रायमसी एचपी येतात, प्रीमियमवर १८ इंचीला पायलट स्पोर्ट ४, मापाने २१५/४०. पहिला टायर मुळात साध्या सेदानसाठीचा. पकड लवकर सुटते, पण सुटताना आधी सांगून सुटते, आणि काही जणांना तेच हवं असतं. दुसऱ्यावर तीच गाडी वळणात बरीच घट्ट वाटते. बेस ८६ आणि मागे २७५ मिमी रुंदीचे टायर असलेली सुप्रा एकाच दिवशी चालवून ‘८६ ला पकड नाही’ असं म्हणणं म्हणजे टायरचा दोष चॅसीच्या माथी मारणं. हवेचा दाबही तपासा. कारखान्यातून वाहतुकीसाठी जास्त भरलेली हवा शोरूममध्ये तशीच राहिलेली असते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघून कमी करायला सांगा. चार-पाच पीएसआयच्या फरकाने पुढचं टोक बोथट होतं आणि खड्डे जास्त आपटतात.

फेरीचा रस्ता स्वतः ठरवा. सेल्समनचा नेहमीचा रस्ता म्हणजे चार उजवी वळणं आणि तीन सिग्नल. आपल्या रस्त्यात हवं ते असं:

पहिली सात-आठ मिनिटं फक्त तेल तापवण्यासाठी. ८६ मध्ये ट्रॅक मोडच्या पडद्यावर तेलाचं तापमान दिसतं. ८० अंश सेल्सिअस ओलांडेपर्यंत ४००० आरपीएमच्या वर जाऊ नका. थंडीत ८६ चा दुसरा गिअर पहिली काही मिनिटं अडखळत पडतो. ते गिअरबॉक्समधल्या घट्ट तेलामुळे असतं, गरम झाल्यावर सुटतं. त्या काही मिनिटांवरून गिअरबॉक्सला नावं ठेवू नयेत. पण गरम झाल्यावरही खरखर आली तर सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारी कडी) झिजलेला असू शकतो. जुन्या गाडीत ही फार महत्त्वाची खूण.

मग हायवेचा रॅम्प, कारण पूर्ण पेडल दाबायची कायदेशीर जागा म्हणजे एवढीच. ८६ चा हिशेब: दुसऱ्या गिअरचं प्रमाण २.१८८, फायनल ड्राइव्ह (मागच्या चाकांकडचं शेवटचं गिअर प्रमाण) ४.१०, टायरचा व्यास ६२९ मिमी. ७४०० आरपीएमला वेग येतो ताशी ९८ किमी, म्हणजे ६१ मैल. रॅम्पवर दुसऱ्या गिअरमध्येच राहायचं आणि काटा शेवटपर्यंत न्यायचा. तिसरा त्याच आरपीएमला ८६ मैलांवर जातो, तेव्हा त्याची परीक्षा रस्त्यावर घेण्याचा प्रश्न येत नाही. सुप्रात हाच रॅम्प अर्ध्यात संपतो. टोयोटाचेच ०-६० मैलांचे आकडे मॅन्युअल ८६ ला ६.१ सेकंद आणि मॅन्युअल सुप्राला ४.२ सेकंद आहेत. रोजच्या रस्त्यावर कोणत्या गाडीचं इंजिन किती वेळ पूर्ण उघडता येईल, हे इथे कळतं. आमच्या मते दोघींमधला खरा फरक हाच. वेगाचा आकडा त्यानंतर.

हायवेवर सहाव्या गिअरमध्ये ६५ मैलांना ८६ चं इंजिन २८०० च्या आसपास फिरतं आणि टायरचा आवाज आत येतो. सुप्रा इथे बरीच शांत. मात्र काचा खाली करून बघाच. सुप्रात दोन्ही काचा उघड्या ठेवल्या की एका वेगानंतर कानात धप्‌धप्‌ असा हवेचा मारा सुरू होतो. मालकांची ही जुनी तक्रार आहे आणि बाजारात त्यासाठी आरशाजवळ लावायचे छोटे डिफ्लेक्टर मिळतात.

शेवटी खराब काँक्रीटचा रस्ता आणि एक लांब वळण. सुप्राचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४७० मिमी, ८६ चा २५७५. नावाने मोठी असलेली गाडी इथे १०५ मिमीने आखूड आहे. वळणात मधोमध काँक्रीटचा सांधा आला की सुप्राचं मागचं टोक किती हलतं ते बघा, आणि तेही नॉर्मल व स्पोर्ट अशा दोन्ही मोडमध्ये, कारण तिचे डॅम्पर (झटके शोषणारे भाग) मोडप्रमाणे बदलते आहेत. २०२० च्या मॉडेलवर याबद्दल टीका झाली आणि २०२१ ला डॅम्पर, बम्प स्टॉप (सस्पेन्शनचे रबरी टेकू) आणि काही ब्रेस (बॉडी घट्ट करणारे दांडे) बदलले. जुनी सुप्रा बघत असाल तर हे वर्ष लक्षात ठेवा. २०२० चं इंजिनही ३३५ एचपीचं होतं. दोन्ही गाड्यांत स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करू नका. गाडी डीलरची, विमा डीलरचा, आणि रस्त्यावर त्यातून काही कळतही नाही.

क्लच आणि पेडलबद्दल. ८६ चा क्लच हलका. गाडी उभी असताना चिवचिव आवाज येत असेल आणि क्लच दाबताच थांबत असेल तर थ्रोआउट बेअरिंगकडे (क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगकडे) बोट दाखवावं. पहिल्या पिढीत हे बरंच आढळतं. क्लच घसरतोय का ते बघायला पाचव्या गिअरमध्ये २५०० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा वर गेला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच गेला. सुप्रात गिअर उतरवताना गाडी आपोआप इंजिनाचा वेग जुळवून देते. ते बंद करूनही एकदा चालवा. ८६ मध्ये मॅन्युअलला ही सोय नाही, टाच-अंगठा (ब्रेक दाबतानाच टाचेने ॲक्सिलरेटर देणं) स्वतःच करायचा, म्हणून नेहमीचे बूट घालून जा. सुप्राच्या गिअर नॉबपासून एसीच्या पॅनलपर्यंत ४२ मिमी जागा टोयोटाने मुद्दाम ठेवली आहे. मोठ्या हाताच्या माणसाने पहिला, तिसरा आणि पाचवा टाकून बघावा.

ब्रेक: साध्या ८६ ला पुढे ३०० मिमीची डिस्क आणि दोन पिस्टन, सुप्राला ३४८ मिमी आणि चार पिस्टनचे ब्रेम्बो. एका फेरीत दोन्ही उत्तम वाटतात. फरक ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या लॅपला दिसतो, टेस्ट ड्राइव्हमध्ये नाही.

ट्रॅकचा विषय निघालाच आहे तर: ८६ च्या मालकांमध्ये सर्वाधिक चर्चा ऑइल प्रेशरची असते. चिकट टायर लावून लांब उजव्या वळणात तेल एका बाजूला सरकतं आणि प्रेशर खाली येतं. शिवाय सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) जोडाला लावलेल्या सीलंटचे तुकडे तेल ओढणाऱ्या पिकअपच्या जाळीत सापडल्याचे फोटो पुष्कळ आहेत. रस्त्यावरच्या फेरीत यातलं काहीच दिसणार नाही. जुनी ८६ ट्रॅकवर गेलेली असेल तर सम्प उघडून जाळी बघण्याची अट आधीच घाला.

पहिल्या पिढीची, म्हणजे २०१३ ते २०२० ची गाडी परवडते म्हणून बघत असाल तर ३५०० ते ४५०० आरपीएममध्ये इंजिन झोपल्यासारखं वाटेल. तो बिघाड नाही, त्या दोन लिटरच्या इंजिनाच्या टॉर्कमध्ये तिथे खड्डाच आहे. २०१३ च्या गाड्यांना व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल होता आणि त्यासाठी इंजिन बाहेर काढून उघडावं लागतं. ते काम कोणी आणि कधी केलं, त्याचे कागद बघितल्याशिवाय चालवायलाही जाऊ नका.

सामानाचं थोडक्यात: ८६ ची मागची सीट पाडली की चार चाकं आत मावतात. सुप्राला मागची सीटच नाही.

भारतातल्या वाचकांसाठी: या दोन्ही गाड्या तिथे अधिकृतपणे विकल्या गेल्या नाहीत. सुप्राची चव घ्यायची तर बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय हीच जवळची. चॅसी आणि बी५८ इंजिन तेच, पण छत कापडी.

सध्याची स्थिती: पारडं प्रीमियम ट्रिमच्या ८६ कडे झुकलं आहे. उरलेली कामं तीन. पायलट स्पोर्ट ४ वरची, हजार मैलांच्या पुढे गेलेली गाडी शोधून वरच्याच रस्त्यावर पुन्हा एक फेरी. दोन्ही गाड्यांच्या व्हिन क्रमांकावर (प्रत्येक गाडीचा ओळख क्रमांक) विम्याचे दर मागवणं. आणि गाडी पक्की झाली की पैसे देण्याआधी ती लिफ्टवर चढवून सम्पचा जोड, मागच्या डिफरन्शियलचे सील आणि टायरच्या आतल्या कडांची झीज बघून घेणं.