गोळीबंद पाक आणि पांढरा फेस

वेंगुर्ल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कोणाचा वाढदिवस आला की घरच्या केकवर लोण्याचे आयसिंग टिकत नाही. लोणी 32 ते 35 अंश सेल्सिअसला वितळते आणि आमच्याकडची दुपार त्याच्याच आसपास असते. त्यामुळे हौसेने काढलेल्या पाकळ्या पाहुणे येईपर्यंत केकच्या कडेने ओघळलेल्या असतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या फेसात गरम पाक ओतून केलेल्या मेरिंगच्या आयसिंगमध्ये लोणी नसतेच, म्हणून ते उन्हाळ्याला दाद देत नाही. किनारपट्टीवर खरे तर हेच आयसिंग रूढ व्हायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

स्निग्धतेचा लवलेशही नको, ही त्याची अट मात्र कोकणी स्वयंपाकघराला जड जाते. पांढऱ्या बलकात सुमारे 90 टक्के पाणी आणि 10 टक्के प्रथिने असतात. फेटताना ही प्रथिने उलगडून हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे धरतात आणि तेलातुपाचा अंश आला की ते जाळे विस्कटते. ज्या घरात रोज नारळ खवला जातो आणि त्याचा रस काढला जातो, तिथे प्लास्टिकचे भांडे कितीही घासले तरी ओशटपणा सोडत नाही. ताक घुसळण्याची लाकडी रवी तर विचारातही घेऊ नये, कारण तिच्या खाचांत लोणी मुरलेले असते. स्टीलचे खोल पातेले कढत पाण्याने धुऊन, कोरडे करून, आतून लिंबाची फोड फिरवावी. उरलासुरला ओशटपणा जातो आणि आंबटपणामुळे फेसही अधिक टिकतो. फ्रेंच आचारी यासाठी तांब्याचे भांडे वापरत आले आहेत, पण आपल्या तांब्याच्या पातेल्यांना आतून कल्हई असल्यामुळे त्यांचा इथे उपयोग नाही.

तरीही मेरिंग हा मला अंड्यापेक्षा पाकाचाच पदार्थ वाटतो. तीन अंड्यांच्या पांढऱ्याला 200 ग्रॅम साखर आणि 60 मिलिलिटर पाणी घ्यावे, आणि पाक 115 ते 118 अंशांवर आला की उतरवावा. हे तापमान म्हणजे आपला गोळीबंद पाक. थर्मामीटर शोधू लागलेल्या सुनेला आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, “तो कित्याक व्हयो? वाटयेत पाणी हाड.” वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकावा; तो पसरला तर अजून वेळ आहे, आणि बोटांनी गोळा करता येऊन चिमटीत मऊ दबला तर पाक झाला. एकतारीवर थांबल्यास आयसिंग सैल राहून केकवरून घसरते, आणि फार पुढे गेल्यास पाक पातेल्याच्या कडेला कडक होऊन बसतो. बीटर चालू ठेवून बारीक धारेने, पात्यांना न लावता पाक ओतला की निस्तेज फेसाला पाहता पाहता साटीनसारखी चकाकी चढते. पातेल्याचा तळ तळहाताला गार लागेपर्यंत फेटत राहावे. मग बीटर उचलल्यावर शेंडा उभा राहून टोकाशी किंचित वाकतो.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. साखर हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून भाजलेली कुरकुरीत मेरिंग जुलैत तासाभरात चिकट होते आणि ती करण्याच्या फंदात कोणी पडू नये. मऊ आयसिंगकडून कुरकुरीतपणाची अपेक्षाच नसल्याने ते निभावते, मात्र त्याच दिवशी संपवावे, कारण दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटू लागते. शिवाय पाक उतरवायला आणि वीज जायला एकच मुहूर्त लागतो, तेव्हा हाताने फिरवायचा बीटर जवळ असू द्यावा.

श्रावणात अंडी वर्ज्य असलेल्या घरांनी काबुली चणे शिजवलेले घट्टसर पाणी फेटावे. त्याचा असाच पांढराशुभ्र फेस होतो, हे 2014 साली जोएल रोसेल या फ्रेंच गृहस्थाने दाखवून दिले. त्याला वेळ अधिक लागतो, चण्याचा वास मात्र व्हॅनिलाखाली झाकला जातो. अंडी वापरणाऱ्यांपुढे उरतो तो पिवळ्या बलकांचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर शेजारच्या गोव्याने केव्हाच देऊन ठेवले आहे: नारळाचा रस, साखर, मैदा आणि थोडे जायफळ घालून थरावर थर भाजलेले बेबिंका.