मे महिना नको, ताई

परळच्या ओपीडीत आलेल्या या बाईंचा तगादा एकच होता : "मॅडम, स्तन फक्त वर उचलून द्या, छोटं ऑपरेशन." तारीखही ठरवून आणलेली. मे महिना, मुलं गावी गेली की लगेच. वय चाळिशीच्या पुढचं, रोज लोकलने उभ्याने प्रवास.

तपासलं तर दोन्ही खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी पाडलेले खोल चर. स्तनांखालची कातडी ओली, लालबुंद, वर पावडरीचे गोळे. हा सगळा वजनाचा त्रास. नुसतं उचलण्याच्या शस्त्रक्रियेत जादा कातडी जाते, वजन जवळपास तेवढंच राहतं, मानही दुखतच राहते. त्यांना आकार कमी करून घ्यायला हवा होता.

टेप उभं करूनच लावायची. आडवं केलं की स्तन बगलेकडे ओघळतात आणि माप फसतं. गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत 34 सेंटीमीटर भरले. एरवी 21च्या आसपास असतात. म्हणजे स्तनाग्र बरंच वर न्यायचं, आणि त्याला रक्त पुरवणारा स्तनाच्याच मांसाचा पट्टा शाबूत ठेवायचा. पट्टा जितका लांब, तितकं टोकाला रक्त कमी पडण्याचं भय जास्त.

म्हणून तंबाखूचं विचारलं. "छे, मी नाही खात." मिश्री? "ती तर दातांना लावते, दोन वेळा."

फॉर्मवर नुसतं 'तंबाखू' लिहून भागत नाही ते यासाठी. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरतं, बारीक रक्तवाहिन्या आवळतं. मग उलट्या टी आकाराच्या टाक्यांचा सांधा उसवतो, क्वचित स्तनाग्रच काळं पडतं. आधी निदान चार आठवडे आणि नंतरही तितकेच मिश्री बंद. इथे घासाघीस नाही.

मे बारगळला. मूल हवं असतं तर आणखी थांबवलं असतं, कारण नंतर अंगावर पाजता येईलच याची खात्री देता येत नाही. मॅमोग्राफी, साखर ठीक निघाली. अडलं ते पाण्यावर : पहाटे नळ येतो, आणि सहा आठवडे हंडा-कळशी उचलायची नाही. बहीण दिवाळीनंतरच येऊ शकत होती, तेव्हाची तारीख धरली.

ऑपरेशन तीन तासांचं. एकीकडून 620, दुसरीकडून 680 ग्रॅम निघालं. ते पॅथॉलॉजीला गेलं, जातंच. टाक्यांचा सांधा थोडा ओला राहिला, ड्रेसिंगवर भरला. वण मात्र राहणार, हे आधीच सांगितलं होतं.